धनेशाची ढोली

ज्याच्या सत्तेने वारा वाहतो आणि कणसात दूध भरते, त्या श्रीहरीला प्रथम वंदन करू. बाळांनो, त्याचे नाव मनात धरून आता ही कथा ऐका.

एका डोंगरावरील जंगलात एक धनेश पक्षी राहत असे. त्याच्या कुळाचा नेम मोठा कठोर आहे. फाल्गुनात मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपून घेते आणि पंखांची पिसे गाळून आत अंडे उबवते. भिंतीत चोचीपुरती एक फट उरते. पिल्लू मोठे होईपर्यंत नराने फळे आणावीत आणि त्या फटीतून तिला भरवावे, अशी ही रीत. तो आला नाही, तर आतले दोन जीव उपाशी राहतात.

त्या वर्षी या धनेशाची मादी ज्या झाडाच्या ढोलीत बसली होती, त्याच झाडाखाली, उतारावर, एका रानडुकराचे शेत होते. नाचणीचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर पालापाचोळा जाळून तो राब भाजत असे. पूर्वी तो जाळ एका सकाळीत विझे. त्या वर्षी मात्र त्याने विचार केला, की राख जितकी अधिक, तितके पीक अधिक. त्याने सारा उतार पेटवला आणि जाळ टिकावा म्हणून वर ओला पाला रचला. पलीकडच्या दऱ्यांतही हेच चालले होते. धूर दरीत कोंडून राहिला. चैत्र लागण्याआधीच वैशाखाचे ऊन तापू लागले. मधमाश्यांनी पोळे सोडले. पोपट गेले, हरियल गेले. धनेशाला मात्र जाता येईना. दिवसभर त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नाही.

तो खाली उतरून म्हणाला, "दादा, जाळ आवरा. श्वास पुरत नाही मला."

रानडुक्कर हसला. "धनेशराव, देवाने एवढी थोरली चोच दिली आहे. तिने फुंकर घाला, जाईल धूर. शेत पिकले नाही, तर माझी पिल्ले तुम्ही पोसणार का?"

धनेश परतला. जवळची फळे करपून गळली होती, म्हणून तो दोन टेकड्या ओलांडून उंबरे आणू लागला. ढोलीपाशी येण्यापूर्वी तो शेजारच्या झाडावर थांबून खोकून घेई.

"अहो, आज फार उशीर झाला," आतून मादी म्हणे.

"वाटेत मंडळी भेटली. गप्पांत वेळ गेला," तो सांगे.

"कोण भेटले?"

"पोपट, हरियल. नेहमीचेच सारे." खरे तर आकाशात कोणीच नव्हते.

इकडे ओढ्याकाठी रानडुकराचे काकडीचे वेल फुलले. पण परागकण वाहून नेणाऱ्या मधमाश्या नव्हत्या, म्हणून एकही फळ धरले नाही. त्याची पिल्ले खोकू लागली, त्यांचे डोळे चुरचुरू लागले. पाण्याच्या शोधात तो टेकडीपलीकडे गेला, तेव्हा पायवाटेवर त्याला धनेश दिसला. तो निष्प्राण पडला होता आणि चोचीत उंबर तसेच होते.

रानडुक्कर धावत परतला. त्याने ओली माती लोटून सगळे जाळ विझवले. वरून ढोलीत चोच आपटल्याचा आवाज येत होता. त्याने उंबरे गोळा करून झाडाखाली ठेवली, पण त्याला झाडावर चढता येईना. दोन दिवस तो तिथेच उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मादीने लिंपण फोडले आणि अर्धवट पिसांनी, फांदीफांदीवरून घसरत ती खाली आली. तिने एक उंबर उचलले, पुन्हा वर चढून पिल्लाला भरवले आणि परत येऊन बसली.

"ते कुठे आहेत?" तिने विचारले.

रानडुकराने मान खाली घातली. मग तिने मोकळ्या दरीकडे पाहिले.

"धूर थांबवलात?"

"हो, ताई."

"त्यांनी विनवले, ते मी ढोलीतून ऐकले होते. तेव्हाच थांबवायचा होता," ती म्हणाली आणि दुसरे उंबर घेऊन वर चढू लागली.

तात्पर्य : आपल्या शेतातला धूर आपल्या बांधावर थांबत नाही, तो आधी शेजाऱ्याच्या श्वासात शिरतो आणि मग आपल्याच पिकात व लेकरांत उतरतो. म्हणून शेजारी पहिल्यांदा विनवील, तेव्हाच जाळ विझवावा.

ऐकणाऱ्या प्रत्येकाला श्रीहरी निर्मळ श्वास देवो, घराघरात धान्य राहो आणि कोणाचीही वाट पाहणे व्यर्थ न जावो.