घंटेची एकच अट

ऐका हो, लहानथोर सगळे! खूप जुन्या काळी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक ओतारीण राहायची. काशा-पितळेच्या वस्तू ओतण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं.

त्या राज्याची एक रीत होती. काम घेण्याआधी कारागिराने दरपत्रक द्यायचं आणि दवंडीवाल्याने ते चावडीवर मोठ्याने वाचायचं. ओताऱ्यांच्या दरपत्रकाला अटींचं हे भलंमोठं शेपूट असायचं. पूर आला तर, वीज पडली तर, बैल बिथरला तर... समई असो की कळस, शेपूट तेच! वाचन सुरू झालं की लोक खुशाल पेंगायचे.

ओतारिणीला त्याचा भारी राग. "समई काय पुरात उभी करणार आहेत?" ती म्हणायची. तिने स्वतःची पद्धत पाडली. समईला अट नाही. कळस असेल, तर तो चढवण्याची अट. जसं काम, तशी अट.

"पोरी, बापजाद्यांच्या अटी गाळतेस, पस्तावशील," थोरले ओतारी म्हणाले.

"काका, ज्या कोणी ऐकतच नाही, त्या अटी काय कामाच्या?"

पुढे राणीने गडासाठी मोठी घंटा करायला सांगितली. घंटा फुटली तर ओताऱ्याची भट्टी कायमची विझवायची, असा राज्याचा कायदा. गरम घंटेला वारा लागला की तडा जातो, म्हणून ओतारिणीने एकच अट घातली: "साच्याभोवतीची माती गार होण्याआधी कोणी खणलं, तर घंटेचा जाब खणणाऱ्याने द्यावा." एवढंच ऐकून चावडीवरचे पेंगणारे टक्क जागे झाले.

खड्ड्यात पुरलेल्या साच्यात घंटा ओतली. माती अजून कोमट होती, तोच राणीचा कारभारी मजूर घेऊन आला. "युवराज आज लढाई जिंकून येताहेत. काढा घंटा!"

ओतारीण खड्ड्यापुढे आडवी उभी राहिली. भट्टी गेली तर तिचं सगळंच गेलं. "माझी अट विसरलात?"

"अटी काय, सगळेच घालतात. कोण लक्ष देतं? मारा रे कुदळी!"

एकही कुदळ उठली नाही. मजुरांचा म्होरक्या म्हणाला, "कारभारी, चावडीवर आम्ही होतो. एकच तर अट होती, पाठ झालीय. जाब खणणाऱ्याने द्यायचा. तेव्हा पहिली कुदळ तुम्हीच मारा कसे!"

कारभाऱ्याने कुदळीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि पागोटं सावरत गुमान परत गेला.

माती गार झाल्यावर ओतारिणीने स्वतःच्या हाताने घंटा काढली. तडा सोडाच, ओरखडासुद्धा नव्हता! गडावरचा पहिला टोल साऱ्या खोऱ्यात घुमला, तेव्हा ती भर बाजारात डोळे पुसत ओरडली, "माझी आहे ती! माझ्या भट्टीतली!"

"आमच्या आळीची पोर आहे!" थोरले ओतारी ज्याला-त्याला सांगत सुटले. आणि घरी जाऊन त्यांनी आपल्या दरपत्रकाचं शेपूट छाटलं.

म्हणून सांगतो, बाळांनो, अट घालावी ती कामापुरतीच. मोजकी अटच लोक ऐकतात, आणि ऐकलेलीच पाळतात.