पडदेरावांनी डोळे मिटले

संगणकाचा पडदा पेटीएवढा जाड असायचा, तेव्हाची गोष्ट. विद्वांसबाईंच्या संगणकावरच्या निकालपत्रकात एक मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटासा प्रोग्रॅम, राहायचा. बाईंनी कळ दाबली, की नऊशे मुलांच्या गुणांच्या बेरजा तोच करायचा. पण त्यात अख्खी दुपार जायची. बाई वैतागल्या. "आज माझा चहा होईपर्यंत आटपलं नाही, तर पुसूनच टाकते याला!"

मॅक्रोचं धाबं दणाणलं. तसा तो चपळ होता, पण एकेक बेरीज लिहिली, की पडदा हटकायचा, "थांब, बघू दे. हं, आता पुढची."

"पडदेराव, आज जरा डोळे मिटता का?" मॅक्रो काकुळतीला आला.

पडदेरावांनी फुरंगटून डोळे मिटले. उघडले, तेव्हा नऊशे बेरजा जागेवर होत्या आणि चहाला उकळीही फुटली नव्हती.

"अरे, मला काहीच दिसलं नाही!"

"म्हणूनच झालं, पडदेराव."