मामांचा अंगठा आणि दाजींचा कान

एका गावात एक भोळा भाऊ होता. त्याचं नाव भागुजी. बहिणीचं, शेवंताचं, लग्न चार दिवसांवर आलं म्हणून रंगनाथमामा आधीच येऊन राहिले. मामा खाण्यात कुणाला हार जाणारे नव्हेत. आल्या दिवशीच मटणावर ताव मारला आणि पहाटे उठले ते बोंबलतच. उजव्या पायाचा अंगठा टम्म फुगलेला. पांघरुणाचं टोक लागलं तरी सगळी आळी जागी होईल अशी आरोळी.

आईनं, कोंडाबाईनं, कपाळाला हात लावला. नवरीला मांडवात मामानं आणायचं, मंगलाष्टका होईस्तोवर तिच्या मागं उभं राहायचं, ही रीतच. मामा लंगडी घालत आले तर पावणे काय म्हणतील?

"भागुज्या, पळ. शिरगुप्पे डॉक्टरांना विचारून ये."

भागुजी पळाला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काल रात्री काय खाल्लं?"

"पिठलं-भाकरी. वर कांदा."

"तू नव्हे रे बाबा, ज्याचं दुखतंय त्यानं! दुखणेकरी भेटला की आधी विचारायचं, काय खाल्लंस. कळलं?"

"कळलं."

वाटेत शेजाऱ्यांचा बैल लंगडत चाललेला दिसला. धन्यानं त्याला झाडाखाली बसवलं. भागुजी जवळ गेला. "काल रात्री काय खाल्लंस?" बैल रवंथ करत होता. भागुजी म्हणाला, "असू दे. घास संपला की सांग. तोंडात घास असताना बोलू नये." आणि समोर मांडी घालून बसला. घास काही संपेना. दिवेलागणीला कोंडाबाई शोधत आली तेव्हाही दोघं एकमेकांकडं बघतच बसले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोकं धरलं. "अरे, जो बोलत नाही त्याला हात लावून बघायचं! लाल आहे का, गरम आहे का, सुजलंय का. आणि हात लावताच बोंब उठली की गाउटची, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या वाताची, शंका घ्यायची. मग वर थंड पाणी. मामांना मात्र आजच्या आज इकडं घेऊन ये."

"आणतो की."

घरी कोंडाबाई पावण्यांसाठी पुऱ्या तळत होती. भागुजीनं परातीत बघितलं. पुऱ्या लालसर, टम्म सुजलेल्या. "काय खाल्लंत गं?" एकही बोलेना. मग त्यानं हात लावला.

"आई गं!"

बोंब उठली. ती त्याचीच होती, पण डॉक्टरांनी बोंब कुणाची ते कुठं सांगितलं होतं? त्यानं आख्खी परात उचलली आणि हौदात उपडी केली.

"मुडद्या, हे काय केलंस!"

"घाबरू नको आई. सूज उतरतेय."

सूज खरंच उतरली. पुऱ्यांचा लगदा झाला.

कोंडाबाईनं मग काही सांगायचं सोडून दिलं. मामांना गाडीत घातलं, भागुजीला मागं बसवलं आणि स्वतःच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी मामांचे दोन्ही अंगठे शेजारी ठेवून बघितले. "नुसतं एकाकडं बघून ठरवू नये. दुसऱ्याशी ताडून बघायचं." मग तपासायला थोडं रक्त घेतलं. "रक्तानं अंदाज येतो, पण खात्री होत नाही." मग सांध्यात सुई घातली आणि थेंबभर पाणी काढून यंत्राच्या भिंगाखाली धरलं.

"या, बघा. बारीक सुयांसारखे खडे दिसतायत ना? हेच ठणकतात. गाउटच आहे."

गोळ्या दिल्या, मटण बंद केलं. "मामा लग्नात उभे राहतील. पण त्या अंगठ्यावर कुणाचा पाय पडता कामा नये, नाहीतर माझ्याकडं बोट दाखवू नका."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याकडची मंडळी आली. व्याह्यांना सर्दी झालेली. नाक लाल. भागुजीनं ते चिमटीत धरलं. गरम! व्याही ओरडले. पण एकाकडं बघून ठरवायचं नाही. दुसरं नाक? व्याह्यांना तर एकच. मग त्यानं शेजारी बसलेल्या विहीणबाईंचं धरलं.

पुढं अर्धा तास कोंडाबाई हात जोडत फिरत होती. मामा लंगडत मध्ये पडले, गयावया केली, तेव्हा कुठं मंडळी शांत झाली. लग्नाला आलेल्या डॉक्टरांनी भागुजीला मांडवाच्या मागं ओढलं.

"सुई घातलीस? पाणी काढलंस? मग कशाच्या जोरावर निदान करतोस? ते झाल्याशिवाय गाउट हा शब्द तोंडातून काढायचा नाही!"

"नाही काढत."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मामांनी शेवंताला मांडवात आणलं आणि हूं की चूं न करता मागं उभे राहिले. कोंडाबाई त्यांच्या अंगठ्याची राखण करत होती. कुणी जवळ आलं की खेकसायची. अक्षता पडल्या. तिचा जीव भांड्यात पडला.

राहिली होती फक्त कानपिळी. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि नवऱ्यानं त्याला काहीतरी द्यायचं. मुली ओरडल्या, "भागूदादा, सोडू नको! अंगठी काढेपर्यंत सोडू नको!"

भागुजीनं सोडला नाही.

कान लाल झाला. कान गरम झाला. कान सुजला.

"आई आई आई!" दाजी ओरडले.

भागुजी गंभीर झाला. "दाजी, काल काय खाल्लंत?"

"मटण! हळदीचं मटण! सोडा हो!"

भागुजीनं दुसरा कान धरून बघितला. तो थंड, पातळ, गरीब बिचारा.

आता शंकेला जागाच नव्हती. पण डॉक्टरांनी तो शब्द काढू नको म्हटलं होतं. भागुजीनं काढला नाही. मांडववाल्यानं गोणपाट शिवून खांबाला खोचून ठेवलेलं हातभर दाभण तेवढं काढलं आणि मुकाट्यानं दाजींच्या कानाजवळ नेलं.

दाजींनी दाभण बघितलं. दाजींनी मागं उडी मारली. मागं मामा होते.

दाजी उतरले ते थेट अंगठ्यावर.

अशी आरोळी उठली की वाजंत्री थांबली. डॉक्टर पंगतीतून जिलेबीसकट धावत आले. भागुजी मात्र दाभण हातात धरून विचारात पडला होता.

"डॉक्टर, कान दाजींचा. टोचलंही नाही अजून. मग ओरडले मामा कसे?"

मामा एका पायावर उड्या मारत आले आणि त्यांनी भागुजीचा कान धरला. पिळला. आणखी पिळला. चार दिवसांचा सगळा ठणका त्या कानात उतरवला. ते बघून दाजींना एवढं हसू फुटलं की त्यांनी बोटातली अंगठी काढून भागुजीच्या हातावर ठेवली. कोंडाबाईला धीर आला. सप्तपदी नीट पार पडली.

भागुजीचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यानं आपल्या कानाला हात लावला. गरम. सुजलेला. हात लागताच बोंब उठली. दुसरा चाचपून बघितला. थंड.

मग तो पंगतीत परत बसलेल्या डॉक्टरांकडं गेला, दाभण त्यांच्या पानाशेजारी ठेवलं आणि मान वाकडी करून कान पुढं केला.

"काढा पाणी. तोवर मी तो शब्द तोंडातून काढणार नाही."