मागचं बुटकं दार

“दादा, आपलं मागचं दार एवढं बुटकं का?”

लहानपणी धाकट्या भावानं विचारलेल्या या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. मोठा झाल्यावर तोही विचारायचं विसरला.

ही गोष्ट फार जुन्या काळची, समुद्रापलीकडच्या एका देशाची. तिथल्या राजानं वेशीची कमान मुद्दाम ठेंगणी ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला वाकावंच लागे. थोरल्या भावानं लोक जमवले, राजाला पळवून लावलं आणि ती कमान पाडली. “या देशात आता कुणी कुणापुढे वाकणार नाही,” तो म्हणाला. लोकांनी त्याला प्रमुख निवडलं. पुढे मुकुटही देऊ केला, तो त्यानं नाकारला. मुदत संपताच आपण होऊन पद सोडलं आणि तो शेतावर परतला. सारा देश त्याला बाप मानू लागला.

त्या शेतावर राबत होते ते विकत घेतलेले गुलाम. त्यांची ये-जा मागच्या दारानं. कुणाचं डोकं आपटलं की धाकटा हसायचा, “रोजचंच दार, तरी दिसत नाही का रे?”

एके दिवशी थोरला वारला. धाकटा पोरासारखा रडला. त्या देशात मृताला मागच्या दारानं नेत. धाकट्यानं हट्टानं पुढून खांदा दिला, बाकीच्या बाजूंना गुलामांनी. दाराशी येताच त्याचं कपाळ चौकटीवर थाडकन आपटलं. गुडघे टेकल्याशिवाय तिरडी बाहेर निघेना.

“हळू, धाकटे मालक,” म्हातारी दासी म्हणाली. “आमची डोकी सरावलीत. तुमचं नवं आहे.”

“दादानं हे दार का नाही पाडलं?” तो ओरडला.

“कमान पाडली त्याच दिवशी आम्ही विचारलं होतं. म्हणाले, सवडीनं बघू. आता आम्ही तुमच्या वाट्याला आलो. तुम्हाला कधी सवड होईल?”

पुढच्या अंगणात लोक दादाचा जयजयकार करत होते. धाकट्याला तो ऐकवेना. त्यानं तिरडी उंबऱ्याशी ठेवली, कुऱ्हाड आणली आणि दाराचा माथा फोडून काढला.

“जा,” तो म्हणाला. “जिथं जायचं तिथं जा. वाकू नका.”

ते निघाले. खांदा द्यायला एकही थांबला नाही, म्हातारीही नाही. ‘थांबा’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. दादाची तिरडी त्यांच्या वाटेत आडवी होती. त्यानं एकट्यानं ती ओढून बाजूला सरकवली.

लहानथोरांनो, जगाला ताठ उभं राहायला शिकवणाऱ्यानं आधी आपल्या घरचं बुटकं दार पाडावं.