राजांच्या डोक्याची खाज

चंदनगडच्या भानोजीराजांच्या डोक्याला अशी खाज सुटली, की राज्यकारभारच थांबला! कपाळावर पुरळ, कानामागे लाल चट्टे आणि हात सारखा फेट्याखाली. राजवैद्यांनी लेप लावले, पथ्यं सांगितली, गुण येईना. खाजेचं कारण त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पण साठी उलटलेल्या राजांचे केस काळे कुळकुळीत होते, आणि त्या केसांविषयी जो बोलेल त्याची जीभ छाटायचा हुकूम होता. मग वैद्यबुवांनी आपलं फेट्याकडे बोट दाखवलं.

"परटानं फेटे नीट खळबळले नाहीत, महाराज! धुण्याचा खार कापडात राहिला!"

झालं! गोंदाजी परटाला दरबारात उभं केलं. शिक्षा काय, तर संध्याकाळच्या आत राज्य सोडून जायचं. गोंदाजी बिचारा रडायलाच लागला. तेवढ्यात त्याची मुलगी बकुळा पुढे आली.

"म्हाराज, फेट्याचा दोष न्हाई!"

"मग कुणाचा? खरा चोर आत्ता, इथंच धरून दाखव, बाप सुटेल. पण केसांबद्दल एक अक्षर काढलंस, तर जीभ जाईल!"

दरबार गालातल्या गालात हसला. चोर पकडायचा, आणि तो ज्या घरात लपलाय त्या घराचं नावही घ्यायचं नाही!

आता चंदनगडच्या दरबाराची एक रीत होती. राजे जे करतील, ते सगळ्यांनी करायचं. राजे शिंकले की दरबार शिंकायचा. राजांच्या आधी मात्र कुणी डोक्याला हात लावायचा नाही.

बकुळा म्हणाली, "म्हाराज, फेटा काढा आन् मनसोक्त खाजवा!"

राजे वाटच पाहत होते. फेटा फेकून ते दोन्ही हातांनी तुटून पडले. रीतीप्रमाणे दरबारानंही फेटे उतरवले आणि डोकी खाजवायला सुरुवात केली.

"आता थांबा!"

राजे दातओठ खाऊन थांबले. दरबारही थांबला. थांबले नाहीत ते पहिल्या रांगेतले मानकरी! कसली रीत आणि कसलं काय! डोळे मिटून त्यांचं आपलं खराखरा चालूच.

"थांबले न्हाईत त्यांनी हिकडं या," बकुळा म्हणाली. "म्हाराज, ह्या समद्या दरबाराचे फेटे माझा बा एकाच भट्टीत धुतो. दिवाणजींचा बी, ह्या तरण्या शिपायांचा बी. त्यांना काय बी झालं न्हाई. आता हे मानकरी बघा. समद्यांना नातवंडं झाली, आन् डोस्क्यावर..." तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. "न्हाई बाई! बोलायची बंदी हाय. तुमीच बघा!"

राजांनी पाहिलं. एकजात म्हातारे, आणि पांढरा केस औषधालाही नाही!

"अरे, पण हाच कलप आम्ही इतकी वर्षं लावतोय! आत्ताच कसा बाधला?" राजे तावातावानं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. पांढऱ्या डोक्याचे दिवाणजी हळूच म्हणाले, "महाराज, तो जिभेचा हुकूम तेवढा मागे घ्यावा."

"घेतला, घेतला!"

"असतं असं, म्हाराज," बकुळा म्हणाली. "माझ्या मावशीला जलमभर वांगं चाललं. आता एक फोड खाल्ली तरी अंगभर गांधी उठत्यात. अंग कवा रुसंल, सांगता येत न्हाई. कलप सोडा, खाज जाईल."

राजांचा चेहरा पडला. खरंच वाईट वाटलं त्यांना. "सोडू कसा, पोरी? प्रजा म्हणेल, राजा म्हातारा झाला! आजवर आम्ही कुणाला पत्ता लागू दिला नाही!"

"पत्ता?" बकुळाला हसू आवरेना. "म्हाराज, तुमच्या उशीचा अभ्रा मी नदीवर धुते. त्यो पाण्यात बुडवला, की अशी काळी धार सुटती, की खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या बाया घागरी उचलून म्हणत्यात, 'थांबा गं! आधी राजांचं वय वाहून जाऊ द्या!'"

 राजे असे खो खो हसले, की डोळ्यांतून पाणी आलं आणि खाजवायचंही विसरले! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बकुळाच्या ओंजळीत ठेवलं आणि नदीकाठची मळई, म्हणजे गाळाची कसदार जमीन, गोंदाजीला इनाम दिली. मळई अर्थातच धुण्याच्या घाटाच्या वरच्या अंगाची, जिथं पाणी स्वच्छ होतं!