बिनचरबीचा पुडा

फडताळातली भांडीकुंडी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. तुपाच्या बरणीशेजारी एकदा बिस्किटांचा चकचकीत पुडा येऊन बसला. त्याच्या छातीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'चरबी अजिबात नाही!'

"लांब सरक गं, ढब्बे," पुडा नाक मुरडून म्हणाला. "मी तब्येतीचं खाणं आहे."

बरणीने राग गिळला. पण वत्सलावहिनींनीही ती अक्षरं वाचली, आणि वरणभातावरचं चमचाभर तूप बंद करून तिला मागे कोपऱ्यात ढकललं. चहाबरोबर मात्र वहिनी आठ-आठ बिस्किटं उडवू लागल्या. चरबीच नाही म्हटल्यावर मोजायचं कशाला?

आठवड्याभरात फडताळात मुंग्यांची रांग शिरली. बरणीला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण रांग तिला वळसा घालून थेट उघड्या पुड्यात घुसली.

"अगं बायांनो, साखरेचा डबा तिकडे आहे!" पुडा किंचाळला.

"त्याचं झाकण घट्ट आहे. आणि तुझ्यात काय साखर कमी आहे?" पुढची मुंगी म्हणाली.

"माझ्यावर काय लिहिलंय ते तरी वाचा!"

"वाचता कुठे येतं आम्हाला?" मुंगी म्हणाली. "आम्ही आपलं चाखून बघतो."