बसणारे आणि उभे राहणारे

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी चाळीस ख्रिस्ती घरांचे एक गाव होते. चर्च एकच आणि भजनाची हौस उदंड. पण माणसाला सुख बोचते म्हणतात, तसेच झाले. देवाचे गुणगान सतरंजीवर बसून करावे की उभे राहून, यावरून वाद पेटला.

"राजापुढं कुणी बसतं का?" एक म्हणत.

"बापापुढं कुणी ताटकळत उभं राहतं का?" दुसरे म्हणत.

शेवटी मंडळी फुटली. उभे राहणारे चर्चमध्येच राहिले. बसणाऱ्यांनी समोर मांडव घातला. आणि गंमत अशी, की उभ्यांचा पुढारी थोरला भाऊ आणि बसणाऱ्यांचा त्याचाच सख्खा धाकटा! वर्षभर दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

त्यांची म्हातारी आई मात्र कात्रीत सापडली. एकाकडे जावे तर दुसरा तुटतो. चर्च आणि मांडव यांच्या मधोमध एका कुंभाराचे घर होते. कुंभार ख्रिस्ती नव्हता, पण मनाने मोठा. दर रविवारी तो ओटा झाडून म्हातारीला पोते अंथरून देई. तिथून दोन्ही पोरांचे गाणे ऐकू येई.

"गळा बापाचा घेतला," म्हातारी पुटपुटे, "अक्कल कुणाची घेतली, देव जाणे!" आणि पदराने डोळे टिपी.

एका रविवारी दोन्हीकडे भजन रंगात आले होते. तेवढ्यात मागच्या विहिरीवर कुंभाराच्या गाढवाचा पाय घसरला आणि ते धपकन पाण्यात पडले. त्याच्या पाठीवर कुंभाराचे घर चालत होते. कुंभाराने मागचापुढचा विचार न करता उडी टाकली आणि त्याची मान वर धरली. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. गाढव सोडायला तो तयार नव्हता आणि त्याचा दम संपत चालला होता.

कुंभारणीने हंबरडा फोडला. मांडवातल्यांना वाटले, ते उभेच आहेत, ते धावतील. चर्चमधल्यांना वाटले, ते बाहेर मोकळ्यावरच बसलेत, ते जातील. जागचे कुणीच हलले नाही.

म्हातारी भर रस्त्यात उभी राहिली आणि कडाडली, "अरे, शेजारी बुडतोय अन् तुम्ही गाताय? देवानं कानात बोटं घातली असतील!"

दोन्हीकडचे भजन तटकन थांबले. माणसे विहिरीकडे धावली. धाकट्याने सदरा फेकला, मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, घेऊन पाण्यात उतरला आणि गाढवाच्या पोटाखालून तो आवळून बांधला. वरच्यांनी नाडा धरला खरा, पण उभे आपल्या दमाने ओढत आणि बसणारे आपल्या दमाने. ओला काठ, त्यावर पाय घसरले. हातभर वर आलेले गाढव परत खाली गेले, ते नेमके धाकट्याच्या अंगावर. धाकटा दिसेनासा झाला.

"माझा भाऊ!" थोरला किंचाळला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तो शब्द निघाला.

धाकट्याचे डोके वर आले, तसा म्हातारीच्या जिवात जीव आला. ती पुढे झाली. "बसणाऱ्यांनो, म्होरं बसा! काठाच्या दगडाला पाय रोवा. उभ्यांनो, मागं ऱ्हावा, मागं रेला. अन् मी सांगते तवाच ओढा!"

मग तिने नवऱ्याने रचलेले जुने भजन उचलले. "हात दे रे प्रभू, हात दे..."

चाळीस घरांनी एकदम झील धरली, "धरला हात, सोडू नको!" आणि त्या एका दमात नाडा हातभर वर आला. पुढे बसलेले एक इंच सरकू देईनात, मागे उभे राहिलेले एक इंच सैल सोडीनात. पाचव्या झिलीला गाढवाचे कान दिसले. गाढव काठावर घेऊन नाडा पुन्हा खाली सोडला, मग कुंभार आला. सगळ्यात शेवटी धाकटा आला आणि त्याला वर घ्यायला थोरल्याचा हात आधीच खाली गेलेला होता. दोघे भाऊ गळ्यात पडून रडले.

कुंभाराने धापा टाकत विचारले, "आजी, हे तुमचं बसायचं भजन की उभ्याचं?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिले.

म्हातारीची छाती अभिमानाने भरून आली. "पाहिलंस ना?" ती कुंभाराला म्हणाली, "माझी दोन्ही पोरं! अन् ही सगळी मंडळीसुद्धा माझीच!"

पुढच्या रविवारी कुंभाराने नेहमीप्रमाणे ओटा झाडून पोते अंथरले. म्हातारी आली, पण बसली नाही. तिने पोत्याची घडी करून त्याच्या हातात दिली आणि दोन लेकांच्या मधोमध चालत चर्चमध्ये गेली. आत निम्मे लोक बसले होते आणि निम्मे उभे होते.

तात्पर्य: देवापुढे बसावे की उभे राहावे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण शेजाऱ्याची हाक आली की आधी उठून धावावे. तिथेच दुरावलेला भाऊही भेटतो.